जिना हलतोय, पॉलिश नंतर बघू

प्रश्न : दादा नमस्कार. चेंदणी कोळीवाड्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, आत सागवानी जिना, चौदा पायऱ्या. तिसरी आणि नववी पायरी पाय ठेवला की कुरकुरते, आणि वरच्या टोकाला कठडा चांगलाच हलतो. आई ७६ वर्षांची, दिवसातून चार वेळा तरी वर-खाली करते. दोन जणांना विचारलं. एक म्हणाला सगळं काढून टाका, स्टील आणि काच लावू. दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो बघूनच रेट दिला, गणपतीच्या आधी चार दिवसांत पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारून जिना नवा करून देतो म्हणाला. कोणाला काम देऊ? (एक वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : ताई, दोघांनाही नको. पहिल्याने जिना नीट बघितला नाही आणि दुसऱ्याने तर बघितलाच नाही. जुनं सागवान आज तसं मिळणं कठीण आणि मिळालं तरी महाग, त्यामुळे दोन पायऱ्या कुरकुरतात म्हणून अख्खा जिना काढायचा हे मला पटत नाही. आणि हलणाऱ्या कठड्यावर पॉलिश मारलं तर कठडा हलायचा तो हलणारच, उलट छान दिसतो म्हणून आई त्यावर जास्त भार टाकतील, ही माझी खरी काळजी आहे.

आधी जिना का हलतोय ते शोधायचं. टॉर्च घेऊन जिन्याखाली बसा आणि कोणालातरी वरून हळू चालायला सांगा. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की आडवी फळी आणि खालची उभी फळी यांच्यात दोऱ्याएवढी फट उघडते-मिटते, बारीक भुसा गळतो, आणि खिळा दिसत असेल तर तो तेवढ्याच जागी घासून चकचकीत झालेला असतो. कुरकुर तिथून येते. यात पायरी बदलायची गरज नसते. खालच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळा ग्लू आणि स्क्रूने बसवायचा, खिळ्याच्या जागी स्क्रू घ्यायचा. फक्त एक, सागवानात मूळचंच तेल असतं, म्हणून सांधा थिनरने पुसून मग ग्लू लावायचा, आणि आधीचा जुना सरस खरवडून काढायचा, त्याच्यावर नवीन ग्लू धरत नाही. चांगल्या सुताराला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

मग कठडा. वरचा मुख्य खांब दोन्ही हातांनी धरून हलवा आणि नजर त्याच्या बुडाशी ठेवा. खांबच बुडातून हलत असेल तर नुसती पाचर ठोकून भागणार नाही, तो खालून बोल्टने आवळावा लागेल. खांब घट्ट आहे आणि मधले गज खुळखुळतायत, तर काम सोपं, गज एकेक काढून सांधे साफ करून परत बसवायचे. त्याच वेळी खांबाच्या बुडात आणि जिना भिंतीला टेकतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक लोण्यासारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा आतून खाल्लंय. भिंतीवर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली तर वाळवी, आणि छोट्या गोल भोकांखाली पिठासारखी पूड साठत असेल तर लाकूड पोखरणारा किडा. दोन्हीत आधी पेस्ट कंट्रोल, मग सुतार, आणि सगळ्यात शेवटी पॉलिशवाला. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात. खाडीजवळच्या जुन्या घरांत भिंतीची ओल हे मूळ असतं, ती तशीच ठेवून नुसतं लाकूड बदललं तर काही वर्षांत नवीन लाकडाचीही तीच गत.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. सगळ्या पायऱ्यांवर वरून प्लायची नवीन फळी ठोकू, असं कोणी सुचवेल. तसं केलं की सगळ्यात खालची पायरी तेवढी उंच होते आणि सगळ्यात वरची तेवढीच ठेंगणी, मधल्या आहेत तशाच. पायाला वर्षानुवर्षांची एक सवय असते, अर्ध्या इंचाच्या फरकाने माणूस अडखळतो, आणि म्हातारं माणूस जिन्यावर अडखळलं तर ते साधं पडणं नसतं हो.

आता पॉलिश. पावसाळ्यात मुळीच करू नका. पीयूच्या हार्डनरचं (पॉलिश कडक करायला त्यात मिसळतात त्या रसायनाचं) हवेतल्या ओलीशी जमत नाही, बुडबुडे येतात, आणि मेलामाइन किंवा लाखेच्या स्पिरिट पॉलिशवर पांढुरकी साय धरते. दिवाळी झाली की करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठाण्याची हवा कोरडी असते. पण कठड्याची आणि पायऱ्यांची दुरुस्ती याच आठवड्यात करून घ्या, तिला थांबू नका. तोपर्यंत भिंतीच्या बाजूला पायरीपासून साधारण तीन फुटांवर हाताच्या मुठीत बसेल असा, दीड इंच जाडीचा गोल दांडा ब्रॅकेटने पक्का करून घ्या. तो नंतरही काढू नका, आईंना दोन्ही हातांना आधार होईल.

पायऱ्यांवर ग्लॉसी नको, मॅट घ्या, ग्लॉसीवर मोज्याने पाय सटकतो. पायऱ्या एक सोडून एक पॉलिश करायची पद्धत आहे, म्हणजे येणं-जाणं चालू राहतं, पण आईंना दोन-दोन पायऱ्या ओलांडायला लावू नका, ते चार दिवस त्यांचं अंथरूण खालीच घाला. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं तरी पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर त्यावरून जड सामान ओढू नका.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात दुरुस्ती, घासकाम, किती कोट, कुठल्या कंपनीचा माल, डेब्री कोण उचलणार हे वेगवेगळं लिहून घ्या, नुसतं ‘जिना पॉलिश, एकूण इतके’ असं नको. कारागिराने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला एखादा जिना बघायला मागा, कारण कालचं काम सगळ्यांचंच छान दिसतं. ॲडव्हान्स मालापुरता, आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर आठ दिवस वापरून मग.

प्रश्न : नेरूळला आमचं जुनं रो-हाऊस आहे. कठड्यावर ऑइल पेंटचे चार-पाच थर आहेत, ते घासून लाकूड उघडं करायचंय. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. काही काळजी?

उत्तर : हो, मोठी काळजी. भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. मशीनने कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाच्या हातातून थेट तोंडात जाते. कोरडं घासू नका, पेंट रिमूव्हर लावून खरवडा नाहीतर पाणी मारून घासा, दारं प्लास्टिकने बंद करा, काम चालू असताना मुलीला आजीकडे पाठवा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. कारागिराच्या तोंडावर चांगला मास्क आहे ना तेही बघा, त्याच्याही घरी मुलं असतात. आणि कठडा उघडा झालाच आहे तर गजांमधलं अंतर मोजून घ्या, चार इंचांपेक्षा जास्त असेल तर मध्ये आणखी गज घाला.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या ड्युप्लेक्सचा जिना घासून ठेवला आणि ४० हजार घेऊन माणूस गायब. फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर : मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, अर्धवट कामाचे तारखेसहित फोटो काढा आणि सात दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि उघड्या लाकडाला पावसाळी ओल लागू देऊ नका, दुसरा माणूस मिळेपर्यंत सिलरचा (पॉलिशच्या आधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या थराचा) एक हात तरी मारून घ्या, पण फोटो काढून झाल्यावरच.