दोन तोंडाचं पेन घेतलंस, आता सुरुवात अशी कर

अभिनंदन भावा, दोन्हीकडं निब असलेलं पेन खास बनवून घ्यायला हौस लागते आणि ती तुझ्यात आहे हे बघून लय बरं वाटलं. पहिला महिना एवढंच सांभाळ:

- शाई साधी, धुता येणारी. एकीकडं निळी, एकीकडं लाल. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही नको, फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागात, वाळून बसते.
- पेन एबोनाइटचं (कडक रबराचं) असेल तर धुताना गरम पाणी नको, रंग उतरतो. नळाचं गार पाणी बास.
- शर्टाच्या खिशाला लावू नको, नवीन लोक हीच चूक करतात. साध्या पेनाची निब खिशात वर राहते, इथं एक कायम खालीच, म्हणून पाऊचमध्ये आडवं ठेव. साताऱ्याहून महाबळेश्वरला निघालास तर जास्तच जप, ते सुमारे १३५० मीटरवर, घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, टाकीतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, अर्धवट टाकीत हवा जास्त म्हणून गळतीही जास्त, एकतर गच्च भर नाहीतर रिकामंच ने. माझा एक पांढरा शर्ट असाच गेला.

लिहिताना दुसऱ्या टोकाचं टोपण घट्ट हवं. निब घासणं वगैरे आत्ता नको, खरखरली तर बनवणाऱ्याकडंच दे. रोज दोन्ही बाजूंनी थोडं लिही, एक बाजू पडून राहिली की वाळते.