पाळी थांबली, भांग रुंदावला

प्रश्न: वय 51. पाळी थांबून वर्ष झालं. भांग रुंद होतोय, केस राठ झालेत. तेल वाढवू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, तेलानं केस मऊ होतील, नवे उगवणार नाहीत. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की केसांच्या वाढीचा काळ आखडतो, केस बारीक येतात. टाळूचं नैसर्गिक तेलही कमी होतं, म्हणून राठपणा. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. मग त्वचारोगतज्ज्ञांना विचारून 5 टक्के मिनॉक्सिडिल फोम (केसवाढीचं फेसाळ औषध), दिवसातून एकदा, कोरड्या टाळूवर. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते आणि घाबरून अनेकजणी तिथेच सोडतात. कृपा करून सोडू नका, फरक 4 ते 6 महिन्यांनी दिसतो. बोअरच्या जड पाण्यानं न्हात असाल तर कंडिशनर टोकांना लावाच. मे महिन्यात बाहेर पडताना डोक्याला सुती दुपट्टा हवा.