आईचं सूप अर्जात लिहावं का?

शिष्यवृत्तीच्या अर्जांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्राला मी जास्त जागा देते आहे. संख्याशास्त्र शिकवण्यात आणि निवड समित्यांवर बसून अर्ज वाचण्यात माझी 31 वर्षं गेली. ज्या प्रश्नाला सगळ्यात कमी मुलं तोंड फोडतात, तो या मुलीने सरळ विचारला आहे.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरच्या विडी घरकुलात राहते. बी.एस्सी. नर्सिंग करून तीन वर्षं एका दवाखान्यात नोकरी करते आहे. परदेशातल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल. अर्जात 500 शब्दांत 'तुमची उद्दिष्टं आणि प्रेरणा' लिहायची आहे. माझी आई तीस वर्षं विड्या वळते. मैत्रिणी म्हणतात, ते सगळं लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मला ते आईला विकल्यासारखं वाटतं. पण ते गाळलं तर उरतं काय? 'लहानपणापासून रुग्णसेवेची आवड' असं लिहून पाहिलं, पण ते खोटं आहे. नर्सिंगला गेले कारण नोकरी लवकर लागते. पगार वाढावा, आईचं काम सुटावं, हेही मनात आहे. ते लिहिलं तर स्वार्थी दिसेन का? दवाखान्यात केसपेपर काढताना आईसारख्या बायकांना व्यवसाय विचारला की 'घरीच असते' म्हणतात आणि आम्ही 'गृहिणी' लिहून मोकळ्या होतो. त्याच बायका खोकला घेऊन परत परत येतात. पण असल्या बारीकसारीक गोष्टी अर्जात शोभणार नाहीत, म्हणून त्या लिहिल्या नाहीत.
– एक वाचक, सोलापूर (नाव छापू नये)

उत्तर : मुली, तुझं पत्र वाचताना शेवटच्या तीन वाक्यांपाशी आले आणि पेन खाली ठेवलं. जे तू 'बारीकसारीक' म्हणून बाजूला काढलंस, तोच तुझा अर्ज आहे.

जरा विचार कर. सोलापुरात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटिन हाताच्या कातडीतून अंगात भिनतं, मान दिवसभर खाली. आणि दवाखान्याच्या कागदावर त्या बाईचा व्यवसाय 'गृहिणी'. उद्या कुणी त्याच रजिस्टरवरून हिशेब मांडला, की विडी कामगारांमध्ये खोकल्याचे, दम्याचे रुग्ण किती, तर उत्तर येईल जवळजवळ शून्य. आजार आहे, बाई आहे, फक्त रकाना चुकलाय. विडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, त्यांच्या कल्याण निधीचा कायदा 1976 चा. कायद्याच्या लेखी तुझी आई कामगार आहे, तिच्याकडे ओळखपत्र आहे. केसपेपरवर मात्र ती कामगार नाही. ही गोष्ट तू रोज, स्वतःच्या हाताने लिहिते आहेस. आणि ती खटकली तुला.

अर्ज वाचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. 'सार्वजनिक आरोग्य शिकून समाजाचं ऋण फेडायचं आहे' हे वाक्य मी शेकड्याने वाचलंय. त्यातून त्या मुलीला काय शिकायचंय ते कळत नाही. तुला काय शिकायचंय ते तुझ्या केसपेपरवरून लगेच कळतं. घरात बसून काम करणाऱ्या बायकांचा व्यवसाय नोंदवायचा कसा, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला म्हणजे 'घरीच असते' याच्या पलीकडचं उत्तर येईल, त्या नोंदीवरून आजाराचं प्रमाण काढायचं कसं. यासाठी साथरोगशास्त्र लागतं, सर्वेक्षणाची पद्धत लागते, थोडं माझं संख्याशास्त्र लागतं. हेच तुझं उद्दिष्ट. ते 500 शब्दांत ऐसपैस बसेल.

आता आईबद्दल. विकल्यासारखं वाटतं म्हणतेस, ती भावना मी मोडीत काढणार नाही. तिच्यात आईचा मान आहे. पण आईचं दुःख दाखवणं वेगळं आणि आईच्या हाताखाली बसून तू काय पाहिलंस ते सांगणं वेगळं. पहिल्यात आई कोपऱ्यात बसलेली बिचारी बाई होते. दुसऱ्यात ती तिच्या कामातली जाणती असते. लहानपणी तू तिच्याशेजारी बसली असशीलच. ओलसर पान पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने आत दुमडायचं. कारखान्यात माल दिला की त्यातल्या किती 'छाट' म्हणून बाजूला पडल्या, हे संध्याकाळी आईच्या चेहऱ्यावरून कळायचं की नाही? यातलं एकच काहीतरी घे, दोन वाक्यांत लिही आणि तिथून केसपेपरवर ये. डोळ्यांत पाणी आणायच्या मागे लागू नकोस. समितीतल्या माणसांना त्याच दिवशी आणखी साठ-सत्तर अर्ज वाचायचे असतात. त्यांच्या ध्यानात राहतो तो 'गृहिणी'चा रकाना.

आणि एक काम कर. लिहिण्याआधी आईला विचार. घरात तुम्ही तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत विचार : 'मी तुझ्याबद्दल असं असं लिहितेय, चालेल का?' ती नको म्हणाली तर तिला गाळ. केसपेपर पुरेसा आहे. हो म्हणाली तर तुझ्या मनातली टोचणी तिथेच संपेल. जमलं तर तिला हेही विचार, की दवाखान्यात व्यवसाय विचारल्यावर ती स्वतः काय सांगते आणि का. मला वाटतं, त्या उत्तरात तुझ्या अभ्यासाचा पहिला धागा सापडेल.

माझं सांगते. 1977 साली मी पहिल्यांदा शिष्यवृत्तीचा अर्ज केला. बार्शीला वडील एका तेलगिरणीत फिटर होते. ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या ते खिशात गोळा करत आणि महिनाअखेरीला मी त्या वहीत उतरवून पगाराच्या कागदाशी ताडून बघत असे. एका महिन्यात अकरा तास कमी भरले होते. मी रकाने आखून दाखवलं, वडील वही घेऊन गेले आणि ते पैसे मिळाले. गणिताची गोडी मला तिथे लागली, कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. पण अर्जात मी यातलं अवाक्षर लिहिलं नाही. एका हुशार मुलाचा जुना अर्ज मिळवला आणि त्यावरून 'राष्ट्राच्या प्रगतीत संख्याशास्त्राचे योगदान' असं काहीतरी उतरवून काढलं. मुलाखतीत एका वयस्कर बाईंनी विचारलं, 'हे सगळं खरं, पण तुला स्वतःला काय मोजायचंय?' मला उत्तर देता आलं नाही. वही घरी ट्रंकेत होती. ती शिष्यवृत्ती गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी मी त्या अकरा तासांबद्दल लिहिलं.

पगाराचं म्हणशील तर लाजू नकोस. आईचं काम सुटावं ही इच्छा स्वार्थी कशी? फक्त तिला तिच्या जागी ठेव. 'या शिक्षणानंतर मला सर्वेक्षणाच्या आणि संशोधनाच्या कामात नोकरी करायची आहे, घरची जबाबदारीही माझ्यावर आहे' एवढं एक वाक्य पुरे. नर्सिंगला नोकरीसाठी गेलीस, हेही लपवू नकोस. नोकरीसाठी गेलीस आणि तिथे प्रश्न भेटला, हा खरा क्रम आहे आणि तो 'लहानपणापासून आवड'पेक्षा कितीतरी पटण्यासारखा आहे. प्रेरणा पाळण्यातच लागते असं कुणी सांगितलं?

शंका असेल तर आनंदीबाई जोशींचं पत्र आठव. 1883 च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी ते लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलंय. आणि हेतू सांगितला तो असा, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना मदत करायला मला हे शिकायचंय. स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलेल्या बाईने लिहिलेलं हे पत्र आहे. तू 'गृहिणी' हा शब्द जसा रोज पाहतेस, तसा त्यांनी तो नकार पाहिलेला होता.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर पहिला खर्डा मराठीत लिही, एकटाकी, शब्द न मोजता. मग त्यातली मोठी विशेषणं खोड. इंग्रजी करताना वाक्यं लहान ठेव. शाळेत असताना विडी कामगारांच्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती तू घेतली असशील. त्या फॉर्मला आईचं कार्ड जोडलं की झालं. या फॉर्मला तुझं स्वतःचं कारण जोडायचं आहे, आणि ते तुझ्याकडे आहे. अर्ज पाठवायच्या आधी मला वाचायला पाठव. नाव न घालता पाठवलंस तरी चालेल.

प्रश्न : माझ्या मुलाने शिष्यवृत्तीचा निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. इंग्रजी फार सुंदर आहे. तरी मनाला पटत नाही. तो म्हणतो, बाबा, सगळेच करतात.
– एक पालक, लातूर

उत्तर : आधी विद्यापीठाचे नियम वाचायला सांगा. कित्येक ठिकाणी निबंध स्वतःच लिहिल्याचं हमीपत्र द्यावं लागतं, आणि ते खोटं ठरलं तर अर्ज बाद होतो. तुमच्या मनाला का पटत नाही, तेही त्याला कळायला हवं. जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवा, कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा : तुला हेच का शिकायचंय? तो मराठीत, अडखळत जे बोलेल, ते तुम्ही लिहून घ्या. दहा मिनिटं पुरतील. मग तो कागद आणि तो सुंदर निबंध शेजारी ठेवून दोघांनी वाचा. व्याकरण तपासायला यंत्राची मदत घेणं वेगळं. नियमात बसत असेल तर माझी हरकत नाही. पण मुलाखतीला तो एकटाच बसणार आहे.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला, आमची द्राक्षबाग आहे. एम.एस्सी. ॲग्री करतोय, वनस्पतीरोगशास्त्रात पुढे नेदरलँड्सच्या वागेनिंगेनला जायचं आहे. अर्जात सगळे 'शिकून मायदेशी परत येईन' असं लिहितात. मला खात्री नाही. तरी लिहू का? छाटणीनंतर पाऊस झाला की वडील आत्ताही मला बागेतली पानं मोबाइलवर पाठवतात, डाऊनी (पानांवरचा केवडा रोग) आहे का ते विचारायला. म्हणून अपराधीही वाटतं.
– एक विद्यार्थी, जि. नाशिक

उत्तर : खात्री नाही तर वचन देऊ नकोस. आधी शिष्यवृत्तीच्या अटी पाहा. काहींत परतणं बंधनकारकच असतं; ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगमध्ये अभ्यासक्रमानंतर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अशा ठिकाणी अट मान्य असेल तरच अर्ज करावा. जिथे अट नाही, तिथे कुणी तुझ्याकडून शपथ मागत नाही. तिथे फक्त काम विचारतात.

कराराचं पुढे काय काय होऊ शकतं, याचं आपल्यासमोर मोठं उदाहरण आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार झाला होता. बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्याला गेले, करार पाळायलाच गेले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, नोकरीच्या ठिकाणी अपमान, आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं. दहा वर्षांची नोकरी राहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध 1925 साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. त्या साडेअकरा पौंडांचा या देशाला किती उपयोग झाला, हे बडोद्याच्या हजेरीपटावरून मोजता येणार नाही.

म्हणून कुठे राहशील यापेक्षा कशावर काम करशील ते लिही. छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी का भडकतो, फवारण्या वाढवूनही तो का आटोक्यात येत नाही, औषधाला रोग सरावलाय का, हे तुला तिथल्या प्रयोगशाळेत तपासायचं आहे का? तसं असेल तर तसं लिही. वडिलांच्या फोटोंबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. तू वागेनिंगेनला असलास तरी ते पानं पाठवणारच आहेत. अर्जाची सुरुवात त्यातल्या एखाद्या पानापासून कर : तारीख कुठली होती, त्याआधी पाऊस किती दिवस होता, पानाच्या खालच्या बाजूला काय दिसलं, आणि तू त्यांना काय उत्तर दिलंस.