‘पोचेल’ म्हणजे दर वेळी ‘विल’ नव्हे

“इंग्रजी येतं मला, पण अंदाज सांगायची वेळ आली की चुकतं.” ही तक्रार इतक्यांकडून ऐकली आहे, की त्यातली एक हकिकत इथे देतो. ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

एक ताई निर्यातीच्या कंपनीत डिस्पॅच बघतात. परदेशी ग्राहकाला त्या लिहायच्या, ‘द गुड्स विल रीच ऑन मंडे.’ माल बुधवारी पोचायचा आणि पलीकडून विचारणा यायची, शब्द का पाळला नाही? शेवटी त्या मेल लिहिणंच टाळू लागल्या. “माझं ग्रामरच कच्चं आहे,” असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

नियम पाठ करून घेण्याआधी माणूस मराठीत काय म्हणतोय ते ऐकावं, हा माझा कल. तिसऱ्या भेटीत विचारलं, “माल कधी पोचेल?”

“सोमवारी पोचेल.”

“नक्की?”

“नाही हो सर, बोट वेळेत लागली तर.”

“मग ही ‘बोट लागली तर’ तुमच्या इंग्रजी वाक्यात कुठे गेली?”

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग ‘विल’वर काट मारून वर ‘मे’ लिहिलं. “म्हणजे मी अंदाज सांगत होते आणि त्यांना वचन ऐकू जात होतं!”

गाठ इथेच होती. मराठीतलं ‘पोचेल’ वचनालाही चालतं आणि अंदाजालाही. आवाजावरून, फार तर एका ‘बहुतेक’वरून समोरच्याला कळतं. मेलमध्ये आवाज नसतो आणि ‘विल’ खात्रीकडे झुकतं. म्हणून अंदाज क्रियापदातच दिसायला हवा.

पुढचं काम सोपं होतं. होईल किंवा होणारही नाही, अशा वेळी मे, माइट, कुड; त्यात माइट जरा मवाळ. पुढे क्रियापदाचं मूळ रूप: ‘माइट रीच’. ‘माइट टू रीच’ नाही, ‘मे रीचेस’ही नाही. या एका खेपेबद्दल बोलताना ‘कॅन’ नको. ‘मॉन्सूनमध्ये उशीर होऊ शकतो’ अशा एरवीच्या गोष्टीला ते शोभतं. घडून गेलेल्याचा अंदाज असेल तर ‘हॅव’ आणि तिसरं रूप: ‘द ड्रायव्हर माइट हॅव मिस्ड द गेट’, म्हणजे कदाचित चुकला असेल.

दोन जागी हमखास घसरायला होतं. ‘मे नॉट रीच’ म्हणजे कदाचित पोचणार नाही. ‘कान्ट रीच’ म्हणजे पोचणं शक्यच नाही. यांची अदलाबदल झाली तर ग्राहक ऑर्डर फिरवेल. दुसरं ‘मस्ट’. ‘इट मस्ट बी ॲट द पोर्ट’ म्हणजे पुराव्यावरून बंदरातच असणार, हे बरोबर. पण ‘इट मस्ट रीच ऑन मंडे’ लिहिलंत, की ते ‘पोचलंच पाहिजे’ होतं, अंदाज राहत नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने ‘न’ किंवा ‘अं’ लिहायचं, नक्की की अंदाज, एवढाच सराव त्यांना दिला. पुढच्या भेटीत त्यांनी मेल दाखवली: ‘द वेसल इज डिलेड. द गुड्स मे नॉट रीच बिफोर वेनस्डे.’ पहिल्या वाक्याखाली ‘न’, दुसऱ्याखाली ‘अं’. ग्राहकाचं उत्तर एका ओळीचं होतं: कळवल्याबद्दल आभार, गोदामाची वेळ बुधवारची करून घेतो.