वाचक विचारतात : अलास्कात सॅमन खाणारी अस्वले पाहायची, तर कधी आणि कुठे?

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच जमेल. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रूक्स धबधब्यावर तेव्हा अस्वले दिसतील का?

एखाद-दुसरे दिसेल. पण फोटोंमध्ये दिसतो तसा धबधब्याच्या काठावर ओळीने उभ्या अस्वलांचा देखावा ऑगस्टमध्ये सहसा मिळत नाही, आणि एवढ्या खर्चात हिरमोड नको. तारीख माशांच्या वेळापत्रकावर ठरवायची असते.

जुलैत सॉकाय जातीचे सॅमन मासे समुद्रातून नाकनेक सरोवरात आणि तिथून ब्रूक्स नदीत शिरतात. जेमतेम दोन मीटर उंचीचा धबधबा वाटेत आडवा येतो. उडी चुकली की मासा खाली पडतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि पायथ्याशी त्यांची दाटी होते. अस्वलांना नेमके हेच हवे असते. महिनाअखेरीस बहुतेक मासे धबधबा ओलांडून वरच्या सरोवराकडे गेलेले असतात. नदीत उरलेले धडधाकट मासे उथळ पाण्यातही सहज निसटतात, म्हणून अस्वले दुसऱ्या ओढ्यांकडे वळतात. सप्टेंबरमध्ये ती परत येतात, कारण अंडी घालून दमलेले, मरणाला टेकलेले मासे प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. तेव्हा धबधब्यापेक्षा नदीच्या मुखाजवळची मचाण चांगली. अस्वलेही जुलैपेक्षा कितीतरी जाड झालेली असतात.

मुलांना आधीच सांगून ठेवा : जुलैतले सॉकाय चंदेरी असतात. चित्रातला लालभडक अंगाचा, हिरव्या डोक्याचा मासा हा विणीच्या वेळचा. ऑगस्टच बदलता येणार नसेल, तर पुढे छोट्या विमानाच्या प्रश्नातले रँगेल गावाचे उत्तर वाचा.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा. ब्रूक्स कॅम्पला, म्हणजे धबधब्याजवळच्या मुक्कामाच्या ठिकाणी, त्यांना नेणे कितपत सुरक्षित?

नेता येते, पण त्यांना हाक मारताच थांबायची सवय हवी. तिथे अस्वले पिंजऱ्यात नसतात आणि माणसेही गाडीत नसतात. दोघे एकाच पायवाटेवर असतात.

विमानातून उतरल्यावर आधी रेंजरची (उद्यानाच्या रक्षकाची) छोटी शिकवणी सक्तीची असते. त्यातला मुख्य नियम अंतराचा : अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर. अस्वल तुमच्याकडे आले तर मागे सरायचे काम तुमचे. पळायचे मात्र नाही, पळणाऱ्याचा पाठलाग होऊ शकतो. सगळ्यांनी एकत्र राहायचे, धाकटीचा हात धरायचा, शांत आवाजात बोलत हळूहळू वाटेबाहेर सरकायचे. झाडीतल्या वळणांवर टाळ्या वाजवत, बोलत चालायचे. अचानक समोर आलेल्या माणसामुळे दचकलेले अस्वल सर्वांत धोकादायक, त्यातही पिल्ले बरोबर असलेली मादी.

दुसरा नियम खाण्याचा आणि कुटुंबांची गाडी इथेच अडते. खाणे फक्त इमारतीत किंवा ठरवून दिलेल्या जागी. पायवाटेवर आणि मचाणावर साध्या पाण्याशिवाय काही चालत नाही. सरबत नाही, बिस्किटाचा अर्धा पुडा नाही, खिशातली गोळीसुद्धा नाही. मुलांचे खिसे स्वतः तपासा आणि खाऊ कॅम्पातल्या सामानखोलीत ठेवा. माणसाकडे खायला मिळते हे अस्वलाला एकदा कळले की ते पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी बहुधा त्याच्याच जिवावर बेतते.

कॅम्पापासून धबधबा एका बाजूने सुमारे २ किलोमीटर. मचाणावर शौचालय नाही, म्हणून निघण्यापूर्वी उरकून घ्या. धबधब्याच्या मचाणावर एका वेळी ४० माणसे मावतात. जुलैत रेंजरकडे नाव लिहून थांबावे लागते आणि गर्दीत तासाभराने जागा सोडावी लागते. तोवर थोडे खालच्या अंगाला असलेल्या मचाणावर जा. धबधबा थोराड नरांच्या ताब्यात असल्यामुळे पिल्लांच्या आया अनेकदा खालीच मासे धरतात. आई पाण्यात उतरते आणि पिल्ले स्प्रूसच्या झाडावर चढून फांदीला चिकटून बसतात. मुले तिथून हलायला तयार होत नाहीत.

बेअर स्प्रे नेण्याविषयीही विचारले आहे. तो अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा आहे, डासांच्या औषधासारखा अंगाला लावायचा नाही. प्रवासी विमानात तो हातसामानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. छोट्या विमानात बसण्यापूर्वी वैमानिकाला दाखवा, तो केबिनबाहेर ठेवतो.

प्रश्न : एका दिवसात जाऊन यावे की मुक्काम करावा?

मिळाला तर मुक्काम. पण तंबूंच्या जागेत रात्री जास्तीत जास्त ६० माणसे राहू शकतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला आरक्षण उघडले की जुलैच्या तारखा बघता बघता संपतात. लॉजच्या खोल्यांसाठी तर वर्षभराहून आधी सोडत निघते. तंबूंच्या जागेभोवती विजेचे कुंपण आहे. स्वयंपाक तंबूपाशी करायचा नाही, त्यासाठी वेगळे आडोसे आहेत.

एका दिवसाच्या सहलीत शिकवणी, चालणे आणि रांग वजा केली की मचाणावरचा वेळ थोडाच उरतो. उद्यानाला प्रवेश शुल्क नाही. सगळा खर्च विमानाचा : अँकरेजहून एका दिवसाला माणशी हजार डॉलर किंवा त्याहून जास्त धरून चाला. नेहमीचा मार्ग म्हणजे अँकरेज ते किंग सॅमन नावाचे गाव, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने आणखी वीसेक मिनिटे. या विमानांत प्रत्येकाचे सामानासकट वजन विचारतात. संकोचून कमी सांगू नका, विमानाचा तोल त्यावर ठरतो. कडक सुटकेसऐवजी मऊ पिशव्या, पाणी न शिरणारे बूट, आणि मळमळणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे परतीचे आंतरराष्ट्रीय विमान दुसऱ्याच दिवशीचे ठेवणे. धुके किंवा ढग उतरले की छोटी विमाने उडत नाहीत. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रश्न : छोट्या विमानाची भीती वाटते. दुसरा मार्ग?

दोन आहेत. आग्नेय अलास्कातल्या रँगेलहून बोटीने तासाभरात ॲनन खाडी गाठता येते. पुढे सुमारे पाऊण किलोमीटर चालले की निरीक्षण केंद्र. इथे गुलाबी सॅमन येतात, आणि काळी व तपकिरी अशी दोन्ही अस्वले एकाच ओढ्यावर दिसतात. तपकिरीच्या खांद्यावर उंचवटा असतो, काळ्याच्या नसतो. ५ जुलै ते २५ ऑगस्ट परवाना लागतो आणि दिवसाला ६० जणांनाच मिळतो. ऑगस्टवाल्यांनी हीच जागा धरावी.

दुसरी जागा म्हणजे कॅनडाच्या सीमेलगतच्या हायडर या अलास्कातल्या गावाजवळचा फिश क्रीक हा ओढा. कॅनडातल्या स्टुअर्ट गावातून थेट मोटारीने जाता येते, आणि ओढ्याकाठी उंच लाकडी मार्ग आहे. हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. हायडरमध्ये शिरताना अमेरिकेची चौकी नाही, परतताना कॅनडाची आहे. चौकी नाही म्हणजे व्हिसा नको असे नव्हे.

अलास्कातल्याच मॅकनील नदीचे नाव कानावर येईल. तिथे सोडतीने दिवसाला फक्त १० जण जातात आणि मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलातून चालावे लागते. लहान मुलांसाठी ती जागा नाही.

प्रश्न : अस्वल अर्धा मासा टाकून का देते?

मासे मुबलक असतात तेव्हा ते फक्त कातडी, मेंदू आणि अंडी खाते, कारण चरबी तिथे जास्त. हिवाळ्याच्या झोपेत वजन एक तृतीयांशापर्यंत घटते, ती भरपाई आधीच करायची असते. टाकलेले मांस गल पक्षी आणि दुबळी अस्वले उचलतात. मासे कमी असतील तर तेच अस्वल काही शिल्लक ठेवत नाही.

प्रश्न : कॅमेरा कोणता?

१०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. उडणाऱ्या माशासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि फोकस माशावर न ठेवता काठावर उभ्या अस्वलाच्या डोक्यावर. पावसाचे आवरण आणि जादा बॅटरी घ्या. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला बंदी आहे. मुलांना मात्र प्रत्येकी एक हलकी, ८ पटींची दुर्बीण द्या, एकच नेली तर मचाणावर भांडणे होतात.