हाडुकेन सुटत नाही, ते वयामुळे का?

प्रश्न : ताई, माझं वय ४६. लेकीच्या कन्सोलवर स्ट्रीट फायटर या जुन्या मारामारीच्या खेळाचा बारा गेमांचा संच घेतला. कॉलेजात असताना स्टँडसमोरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये केन हे पात्र घेऊन मी भल्याभल्यांना हरवलंय. आता हाडुकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) मारायला जातो, तर कधी सुटतं, कधी नुसताच गुद्दा. उडी मारून येणाऱ्याला शोर्यूकेन (वर झेपावत मारायचा गुद्दा) मारलं, तर ते नेहमी उशिरा. वय झालं का? आणि लेक (१३) म्हणते, ‘बाबा, हे चपटं आहे, बाजूला सरकताच येत नाही.’ तिला काय सांगू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची दुखणी दोन आहेत आणि दोघांची औषधंही वेगळी. वयाचा नंबर शेवटी लागतो.

नुसता गुद्दा पडतो तेव्हा दोष बहुतेक अंगठ्याचा असतो. पार्लरमध्ये अख्खा हात दांडी फिरवायचा. पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरवर, ते काम एकट्या अंगठ्यावर येतं. खाली, तिरपं, पुढे आणि मग गुद्दा. अंगठा ‘पुढे’पर्यंत पोचायच्या आत बटण दाबलं गेलं की हाडुकेन गेलंच. अॅनालॉग दांडीवर खेळत असाल तर ती सोडा आणि अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची कळ वापरा. मग ट्रेनिंगमध्ये डावीकडून दहा, उजवीकडून दहा, रोज. घाई नको.

शोर्यूकेन उशिरा बसतं, त्याचं खापर मात्र मी टीव्हीवर फोडेन. आताचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात थोडा वेळ घेतात. सिनेमात ते कळत नाही. सेकंदाला ६० चित्रं मोजून खेळायच्या गेममध्ये चांगलंच कळतं. पार्लरमधल्या जुन्या काचेच्या पडद्याला ही सवय नव्हती. सेटिंगमध्ये पिक्चर मोड ‘गेम’ करा आणि मग मला कळवा.

पॅडचं हे दुखणं मला आतून माहीत आहे. मामा मस्कतहून सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह कन्सोल घेऊन आला तेव्हा मी सातवीत होते. स्ट्रीट फायटरला लागतात सहा बटणं, तीन गुद्द्यांची आणि तीन लाथांची. आमच्या पॅडला तीनच. गुद्द्यावरून लाथेवर जायचं तर मध्ये स्टार्ट दाबायचं. दादा पार्लरमध्ये ज्या लाथेने जिंकायचा, ती घरी स्टार्ट दाबेपर्यंत हातची निघून जायची. सेगाचा सहा बटणांचा पॅड १९९३मध्ये आला, आमच्या घरी तो कधीच पोचला नाही. अंगठ्याला फोड आला की आईचा जुना रुमाल कळेवर पसरायचा आणि त्यावरून घासायचं. त्या रुमालाला मधोमध एक काळपट गोल पडला होता. सुपर निन्टेंडो या दुसऱ्या कन्सोलवाल्यांना १९९२मध्येच सहाही बटणं मिळाली होती, दोन वर खांद्याशी. त्यांचा हेवा मला आजही वाटतो.

पार्लरमधलं मशीन घरच्या डब्यात मावायचं नाही, काही ना काही गळायचंच. एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरचंच बघा. लढता लढता जोडीदार बदलायचा, ही त्या खेळाची सगळी मजा. १९९७मध्ये जपानात सेगाच्या सॅटर्न कन्सोलवर तो आला तो ४ एमबीच्या जादा मेमरीच्या कार्ट्रिजसह, म्हणून जोडीदार राहिला. पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर आला तेव्हा मेमरी पुरेना, तर तो जोडीदारच काढून टाकला. हाताने रेखाटलेली प्रत्येक हालचाल मेमरीत जागा मागते. चार चित्रं कमी केली तरी गुद्दा वेगळा वाटतो, आणि ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. तुमच्या संचात घरगुती आवृत्त्या नाहीत, पार्लरमधलेच खेळ आहेत. आम्ही ज्यासाठी तरसलो ते तुम्हाला सोफ्यावर बसून मिळतंय.

आता लेकीचं. ती बरोबर बोलते आहे. बाजूला सरकता येत नाही, आणि मला तो खेळ आवडतो तो त्याचमुळे. तिला कबड्डी दाखवा. चढाई करणारा पाय लांबवतो, समोरचा वीतभर मागे सरतो. पाय कुठवर पोचेल याचा हिशेब दोघांच्या डोक्यात चालू असतो. इथेही तेच. धालसिम या पात्राचा हात अर्धा पडदा ओलांडतो, पण परत यायला वेळ घेतो, आणि परत येताना त्या हातालाच मार बसतो. पैलवान झांगिफला मात्र जवळ यावंच लागतं. सगळं अंतर उघड्यावर आहे, लपायला खांब नाही. हरलात तर कशामुळे ते पडद्यावर दिसलेलं असतं.

एवढ्याने पटलं नाही तर तिला मारामारीच्या गेमांच्या २००४च्या इव्हो स्पर्धेतली दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांची लढत दाखवा. खेळ थर्ड स्ट्राइक, म्हणजे स्ट्रीट फायटरच्या तिसऱ्या भागाची एक आवृत्ती. दाइगोच्या केनचं रक्त केसाएवढं उरलेलं. नुसता बचाव केला तरी मरणार, कारण जस्टिनच्या चुन-ली या पात्राच्या ‘सुपर’ या मोठ्या हल्ल्याचा प्रत्येक फटका बचावातूनही थोडं खातो. थर्ड स्ट्राइकमध्ये फटका पडायच्या नेमक्या क्षणी पुढे ढकललं तर मात्र काहीच जात नाही. पुढे, म्हणजे फटक्याच्या दिशेने! त्याने ते लागोपाठ १५ फटक्यांना केलं, शेवटचा तर हवेत, आणि तिथूनच उलटवून फेरी जिंकली. मी ते शंभरदा तरी पाहिलं असेल. गर्दीचा आवाज चढायला लागला की अजून अंगावर काटा येतो.

थर्ड स्ट्राइक तुमच्या संचात आहे. पण सुरुवात त्याने नको, दुसऱ्या भागाने करा. तिला ब्लांका द्या, एकच गुद्दा भराभर दाबला की त्याच्या अंगातून वीज निघते, पहिल्या दिवशी तेवढं पुरतं. तुम्ही केन घेऊ नका. आणि तिला डावीकडे बसू द्या. नव्या माणसाला उजवीकडे तोंड करून हाडुकेन शिकणं सोपं जातं.