दूध मुद्दाम उतू का जाऊ दिलं?

प्रिय पिल्लू,

तुझा निरोप वाचला. दोन प्रश्न आहेत: नव्या घरात बाबाने दूध मुद्दाम उतू का जाऊ दिलं, आणि लेस्टर शहर सोडून ब्रिटनमधल्या त्या खेड्यात आपलं कोणीच नसताना दिवाळी कशी होणार? फोनवरच सांगितलं असतं, पण तू 'हं, हं' करत मध्येच पळतेस. म्हणून लिहितोय. कुठे अडलं तर आईकडून वाचून घे.

आधी दुधाचं. आपल्याकडे नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटली की तिच्यावर दूध तापवतात आणि ते काठावरून सांडेपर्यंत थांबतात. या घरात धान्य, पैसा, माणसं असंच भरभरून राहो, एवढाच त्याचा अर्थ. एरवी दूध उतू गेलं की आजी घर डोक्यावर घेते, आणि त्या दिवशी तीच व्हिडिओवरून मला सांगत होती, "बंद करू नकोस, जाऊ दे, जाऊ दे!" वर्षभर 'उतू नको, मातू नको' आणि एक दिवस मात्र उतायला पूर्ण मोकळीक. मला तर ही रीत फार आवडते.

तुला पाठवलेल्या व्हिडिओत पुढची गंमत आलीच नाही. या गावात गॅसची पाइपलाइन नाही. घर तेलाच्या बॉयलरवर तापतं आणि स्वयंपाक इंडक्शनच्या शेगडीवर, म्हणजे पेटवायला ज्योतच नाही. दूध वर आलं, साय फाटली, पातेल्याच्या कडेवरून एक धार उतरली ती थेट शेगडीच्या बटणांवर. शेगडीने टींटीं करून बोंब मारली आणि बंद पडली. आजी विचारतेय, "पूर्वेला गेलं का रे?" पूर्वेला उतू गेलं की शुभ मानतात. मी म्हटलं, "बटणांकडे गेलं." ती म्हणाली, "गेलं ना उतू? मग झालं." उरलेल्या दुधाची शेवयांची खीर केली, देवापुढे वाटी ठेवली आणि बाकीची मी एकट्याने संपवली. आईला सांगू नकोस.

दूध कुठल्या दिशेला गेलं यावर घराचं नशीब ठरतं असं मी मानत नाही. पण चमचे कुठे, चार्जर कुठे, पडद्याच्या दांड्या कुठे अशा धांदलीत माणसाला सगळं सोडून एका पातेल्याकडे बघत उभं करणारी ही रीत ज्या कोणी काढली, त्याने कधीतरी घर बदललेलं असणार.

वास्तुशांत मात्र इथे केली नाही. तिच्यात होम असतो, आणि इथे उदबत्तीनेसुद्धा छतावरचा धुराचा अलार्म किंचाळतो. शिवाय वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात. भाड्याच्या घराची फरशी कशी उकरणार? पण त्यातली एक गोष्ट फरशी न उकरता पाळता येते. वास्तू सारखी 'तथास्तु' म्हणत असते असं आपल्याकडे मानतात, म्हणून घरात वाईट बोलायचं नाही. तू आईला 'ते घर भुताचं आहे' म्हणालीस असं कळलं. जिना करकरतो म्हणून ना? मग 'जिना गप्पिष्ट आहे' असं म्हण. वास्तू त्यालाही तथास्तु म्हणेल, त्याची तयारी ठेव.

आता दिवाळी. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर एवढी रोषणाई असते की आपला आकाशकंदील कुणाच्या लक्षातही यायचा नाही. इथे आपल्या गल्लीत रस्त्यावर एकही दिवा नाही. घड्याळं एक तास मागे गेली की पाचच्या सुमाराला अंधार. दारावरचा कंदील पार टेकडीवरच्या शेतातून दिसेल.

अभ्यंगस्नानाची तुला फारच चैन आहे. ते सूर्योदयाआधी व्हायला हवं. तिकडे भारतात आजी चारला उठून सगळ्यांना उटणं लावायची. इथे ऑक्टोबरात सूर्यच साडेसातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला उठलीस तरी पहाटेचं पुण्य तुझ्या खात्यावर.

आणि 'आपलं कोणीच नाही' हे अर्धंच खरं. शेजारच्या आजींनी मी आलो त्याच आठवड्यात काचेच्या भांड्यातून सफरचंदाचं क्रंबल आणून दिलं. ते भांडं घासून ओट्यावर ठेवलंय, अजून परत केलेलं नाही, कारण आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. त्यातून चिवडा जाईल. पातळ पोहे मी भाजतो, फोडणी आईची. फक्त आधी त्यांना विचारायचं की शेंगदाणे चालतात ना. इथे बऱ्याच जणांना त्रास होतो, आणि फराळ कुणाच्या जिवावर बेतायला नको. हे विचारायचं काम तुझं. माझी खात्री आहे, ते भांडं पुन्हा काहीतरी भरूनच येईल, आणि नाताळापर्यंत कुणाचं भांडं कुणाकडे आहे याचा हिशोब तुलाच ठेवावा लागेल.

किल्ल्यासाठी मागच्या अंगणात जागा बघून ठेवलीय. माती चिकट काळी आहे, दगड हवे तेवढे. पाऊस मात्र रोजचाच, तेव्हा प्लास्टिकचा कागद लागेल. किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून आपण अळीव पेरतो ना? शाळेत ओल्या कापसावर तुम्ही जे क्रेस उगवता, तेच हे. बी कुठल्याही बागेच्या दुकानात मिळतं. तू तिथेच एका ताटलीत ओल्या कापसावर आधी पेरून ठेव, इथल्या थंडीत बाहेर उगवायला वेळ लागेल. मावळे मी आणलेत. त्यांतल्या एकाची तलवार वाटेत मोडली. त्याला दरवाज्यावर पहारेकरी नेमू.

शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत इकडे येताना ताटली मांडीवर धरून आण, डिकीत टाकू नकोस. आणि आईला विचार, चकलीचा सोऱ्या कुठल्या खोक्यात गेला? 'स्वयंपाकघर' लिहिलेली सगळी उघडून झाली. एकात तुझी रंगपेटी आणि आजीची लोकरीची शाल निघाली, सोऱ्या नाही.

तुझा,
बाबा